पासपोर्ट विकणाऱ्या बेटांची पत

१९८० सालापर्यंत वानुआतूतला माणूस कुठल्याच देशाचा नागरिक नव्हता. तेव्हा देशाचं नावही वानुआतू नव्हतं. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला पॅसिफिक महासागरात विखुरलेल्या या बेटांना गोरे लोक 'न्यू हेब्रिडीज' म्हणत, आणि १९०६ पासून ब्रिटन आणि फ्रान्स दोघं मिळून तिथला कारभार बघत. एका घरात दोन सासवा असाव्यात तसा तो कारभार. दोन पोलीस दलं, दोन तुरुंग, दोन तऱ्हेच्या शाळा, दोन दवाखाने, दोन चलनं. भांडण झालं तर निवाड्याला एक संयुक्त न्यायालय, आणि त्याचा अध्यक्ष नेमायचा स्पेनच्या राजाने! ब्रिटिश माणसाकडे ब्रिटिश पासपोर्ट, फ्रेंच माणसाकडे फ्रेंच. पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहणाऱ्या मूळच्या माणसाकडे मात्र काहीच नाही. त्याला बेटांबाहेर जायचं झालंच तर ओळखीचा एक कागद मिळे आणि त्यावर ब्रिटिश आणि फ्रेंच अशा दोन्ही रेसिडेंट कमिशनरांच्या सह्या लागत.

३० जुलै १९८० ला स्वातंत्र्य मिळालं. 'वानुआ' म्हणजे जमीन आणि 'तू' म्हणजे उभं राहणं, असं नाव देशाने घेतलं. आणि ज्या लोकांना तब्बल चौऱ्याहत्तर वर्षं स्वतःचा पासपोर्ट नव्हता, त्यांच्याच सरकारने पुढे तो जगाला विकायला काढला.

आपल्याकडे हे नाव घरोघरी पोचलं ते मार्च २०२५ मध्ये. आयपीएलचे माजी आयुक्त ललित मोदी यांनी लंडनच्या भारतीय उच्चायुक्तालयात आपला भारतीय पासपोर्ट परत करण्यासाठी अर्ज केला आहे आणि त्यांनी वानुआतूचं नागरिकत्व घेतलं आहे, असं परराष्ट्र मंत्रालयाने सांगितलं. दोनतीन दिवसांत वानुआतूचे पंतप्रधान जोथम नापाट यांनी तो पासपोर्ट रद्द करण्याचे आदेश दिले. प्रत्यार्पण टाळणं हे नागरिकत्व मागण्याचं रास्त कारण होऊ शकत नाही, असं त्यांचं म्हणणं. आपल्या वाहिन्यांनी दोन दिवस नकाशावर बेटं शोधली, समुद्रकिनाऱ्यांची चित्रं दाखवली आणि विषय सोडून दिला. पण एखादा देश नागरिकत्व विकतो म्हणजे नेमकं काय विकतो आणि ते विकत घेणाऱ्याला काय मिळतं, हा खरा प्रश्न तसाच राहिला.

आधी देश केवढा ते पाहू. सुमारे ८३ बेटं, सगळी मिळून १२ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास जमीन, म्हणजे आपल्या सातारा जिल्ह्याहून थोडी जास्त. माणसं मात्र तीन लाखांच्या घरात. २०११ च्या जनगणनेत एकट्या लातूर शहरात याहून जास्त लोक होते. आपण म्हणतो बारा कोसांवर भाषा बदलते; तिथे एक डोंगर ओलांडला की बदलते. तीन लाख लोकांत शंभरावर भाषा आहेत. सगळ्यांना जोडणारी बिस्लामा ही इंग्रजी शब्दांना बेटांवरच्या बोलीचं वळण लावून तयार झालेली भाषा. राजधानी पोर्ट व्हिला एफाते नावाच्या बेटावर आहे.

पीक म्हणाल तर खोबरं, कोको, गुरं आणि कावा. कावा म्हणजे एका मुळीपासून केलेलं पेय, संध्याकाळी सगळा गाव ते पीत बसतो. पर्यटक येतात, क्रूझची जहाजं येतात. पण या भागावर निसर्गाचा राग आहे की काय असं वाटावं इतकी संकटं. मार्च २०१५ मध्ये 'पॅम' चक्रीवादळ आलं आणि वर्षभराच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ६४ टक्के इतकं नुकसान करून गेलं. २०२० मध्ये ऐन कोरोनात 'हॅरोल्ड' आलं. मार्च २०२३ मध्ये 'ज्युडी' आणि 'केव्हिन' ही दोन वादळं एकाच आठवड्यात. १७ डिसेंबर २०२४ ला राजधानीजवळ ७.३ तीव्रतेचा भूकंप झाला आणि अमेरिका, फ्रान्स, ब्रिटन, न्यूझीलंड यांचे दूतावास ज्या एकाच इमारतीत होते तिचा खालचा मजला दबला गेला. त्याच वर्षी मे महिन्यात सरकारी विमान कंपनीही दिवाळखोरीत गेली होती. घर शाकारून होत नाही तोवर पुन्हा उडून जातं, अशी गत.

अशा घरात पैसा आणायचा कुठून? वानुआतूत प्राप्तिकर नाही. सरकार चालतं मुख्यतः पंधरा टक्क्यांच्या मूल्यवर्धित करावर, आयातशुल्कावर आणि परदेशी मदतीवर. ज्याच्याकडे विकायला माल नाही, त्याच्याकडे एक गोष्ट तरीही असते: सही-शिक्का. स्वतंत्र देशाचा शिक्का जगात चालतो. वानुआतूने तो निरनिराळ्या तऱ्हांनी भाड्याने दिला. परदेशी जहाजं वानुआतूचा झेंडा लावून समुद्रात फिरतात, त्याची नोंदणी फी मिळते. आपल्या हद्दीतल्या समुद्रात मासे धरायचे परवाने परदेशी बोटींना विकले जातात. इंटरनेटवरचे 'डॉट व्हीयू'ने संपणारे पत्तेही विकले जातात. यात चोरीचपाटी काही नाही. लहान देश बहुतेक असंच करतात, आणि मोठ्या देशांनी त्यांच्यासमोर दुसरा फारसा मार्ग ठेवलेलाही नाही. पासपोर्ट हा याच दुकानातला सगळ्यात महागडा माल.

इथे जरा थांबून दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात, कारण बोलताना आपण त्यांची गल्लत करतो. नागरिकत्व म्हणजे 'हा माणूस आमचा' असं एखाद्या देशाने कायद्याने मानणं. पासपोर्ट म्हणजे तेच इतर देशांना उद्देशून लिहिलेलं पत्र: हा आमचा आहे, याला येऊ-जाऊ द्या, काही झालं तर आम्ही परत घेऊ. व्हिसा म्हणजे त्या पत्रावर समोरच्या देशाने दिलेला होकार. आणि व्हिसामुक्त प्रवास म्हणजे समोरचा देश म्हणतो, 'तुमचं पत्र आहे ना, मग आम्ही वेगळी चौकशी करत नाही.'

गावच्या पतपेढीत कर्ज काढताना जामीनदार लागतो. एखाद्या घराण्याचं नाव इतकं चोख असतं की त्या घरातला पोरगा आला की मॅनेजर कागद न बघताच सही करतो. व्हिसामुक्त प्रवास हा तसाच प्रकार. ही सवलत पासपोर्टाच्या जाड निळ्या-हिरव्या कव्हरात नसते. ती असते समोरच्या देशाच्या विश्वासात. आपल्या मराठीत याला नेमका शब्द आहे: पत. पासपोर्टाची किंमत म्हणजे त्या देशाची पत. छापायला खर्च काही डॉलरांचा.

आता घटनांची सांगड पाहा. वानुआतूच्या राज्यघटनेत सुरुवातीला दुहेरी नागरिकत्वाला बंदी होती. २०१३ मध्ये घटनादुरुस्ती करून ती उठवली. मे २०१५ मध्ये युरोपीय संघाशी करार झाला. वानुआतूच्या नागरिकाला शेंगेन देशांत, म्हणजे फ्रान्स, जर्मनी, इटली वगैरे ठिकाणी, १८० दिवसांत ९० दिवस व्हिसाशिवाय राहता येईल, अशी तरतूद झाली. पॅमने झालेली हानी भरून काढायला पैसा हवा होताच. पुढच्या एकदोन वर्षांत नागरिकत्वाच्या योजना रांगेला लागल्या. एकट्या माणसाला १ लाख ३० हजार अमेरिकी डॉलर, म्हणजे आजच्या हिशेबाने एक कोटीच्या वर रुपये. चौकोनी कुटुंबाला १ लाख ८० हजार. त्यातला काही भाग एजंटाचा, उरलेला सरकारी तिजोरीचा.

त्याबदल्यात अट काय? जवळजवळ काही नाही. तिथे राहायला नको, एकदा जाऊन यायलाही नको. शपथ परदेशातल्या कार्यालयात घेता येते. काही आठवड्यांत पासपोर्ट हातात. कॅरिबियन बेटं, माल्टा, सायप्रस यांनीही आपापल्या तऱ्हेने नागरिकत्व विकलं, पण वेगाच्या बाबतीत वानुआतूचा हात कुणी धरला नाही. या नव्या नागरिकांना तिथे मत देता येत नाही, निवडणुकीला उभं राहता येत नाही. जमीनही विकत मिळत नाही, कारण राज्यघटनेप्रमाणे सगळी जमीन मूळ रहिवासी घराण्यांच्या मालकीची आहे. ती फार तर भाडेपट्ट्याने मिळते. हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. पासपोर्ट विकला, पण पायाखालची माती विकायला काढली नाही.

मग गिऱ्हाइकाला मिळत काय होतं? सरळ सांगायचं तर युरोपचं दार. बीजिंग, दुबई, मॉस्को किंवा बगदादच्या ज्या श्रीमंत माणसाला स्वतःच्या पासपोर्टावर पॅरिसला जायला महिनाभर कागद जमवावे लागत, तो वानुआतूच्या पासपोर्टावर उद्याच्या विमानाने जाऊ शकत होता. ब्रिटनचंही तसंच. खरेदीदारांत चिनी लोकांचा भरणा सगळ्यात मोठा. सगळेच खरेदीदार लबाड नव्हते. अनेकांना फक्त कटकट टाळायची होती. पण २०२१ मध्ये पत्रकारांनी यादी तपासली तेव्हा त्यात तपासयंत्रणांच्या रडारवर असलेली, निर्बंध लागलेल्या व्यवसायांशी जोडलेली माणसं सापडली. सरकारला मात्र पैसा भरपूर मिळत होता. कोरोनाकाळात, पर्यटन ठप्प असताना, सरकारी उत्पन्नातला एक तृतीयांशाहून मोठा हिस्सा याच विक्रीतून येत होता. पगार झाले, जुनी कर्जं फेडली गेली. विमानतळ बंद आणि तिजोरी भरलेली, असं दृश्य पॅसिफिकमध्ये दुसरीकडे दिसलं नसेल.

गोम इथेच आहे. वानुआतू विकत होता ते त्याचं स्वतःचं नव्हतं. युरोपने दिलेली सवलत तो विकत होता. चोख नावाच्या घराण्यातल्या एकाने पैसे घेऊन परक्यांना 'हा माझा चुलतभाऊ' म्हणून पतपेढीत पाठवायला सुरुवात केली तर मॅनेजर किती दिवस गप्प बसेल?

ब्रुसेल्सने, म्हणजे युरोपीय संघाने, तक्रारी मांडल्या: अर्ज नाकारण्याचं प्रमाण नगण्य, चौकशी घाईची, इंटरपोलच्या नोंदींत नाव असलेल्यांनाही नागरिकत्व, मूळ देशाकडे नीट विचारपूस नाही, प्रत्यक्ष राहण्याची अट नाही. मे २०२२ मध्ये सवलत अर्धवट थांबवली. २५ मे २०१५ नंतर दिलेल्या पासपोर्टांना ती मिळेनाशी झाली. फेब्रुवारी २०२३ पासून ती सगळ्यांसाठीच स्थगित झाली. जुलै २०२३ मध्ये ब्रिटनने वानुआतूची आणि कॅरिबियनमधल्या डॉमिनिकाची व्हिसामुक्ती काढून घेतली, कारण हेच. डिसेंबर २०२४ मध्ये युरोपीय संघाने वानुआतूला व्हिसामुक्त देशांच्या यादीतून कायमचंच काढलं. आधी स्थगिती आणि मग सरळ यादीबाहेर, असं युरोपने एखाद्या देशाबाबत पहिल्यांदाच केलं.

याचा फटका बसला कुणाला? ज्याने सव्वा लाख डॉलर मोजले त्याच्याकडे बहुधा आणखी एखादा पासपोर्ट असतो. ज्याच्याकडे एकच आहे, त्या पोर्ट व्हिलातल्या मुलीला फ्रान्समध्ये नातेवाइकांना भेटायला जायचं असेल तर आता तिला रांगेत उभं राहावं लागेल. तिने पासपोर्ट विकला नव्हता की त्या पैशाचा हिशेब कुणी तिला दिला नव्हता. माझा या सगळ्या प्रकरणातला राग वानुआतूवर कमी आणि मध्ये बसून टक्केवारी खाणाऱ्या एजंटांवर जास्त आहे. दुबई आणि हाँगकाँगच्या चकाचक कार्यालयांतून त्यांनी माल खपवला, पत मात्र गेली बेटावरच्यांची.

तसं हे दुकान अगदी नवं नाही. १९९० च्या दशकातही पासपोर्टांची बेकायदा विक्री उघडकीला आली होती. आणि २००० साली तर कमालच झाली. थायलंडमध्ये बस्तान बसवलेल्या, मूळच्या भारतीय एका व्यापाऱ्याने तत्कालीन पंतप्रधान बराक सोपे यांच्याशी जवळीक केली, मानद राजदूतासारखं पद मिळवलं आणि भेट म्हणून एक अवाढव्य 'माणिक' आणलं. किंमत म्हणे सतरा कोटी डॉलरांच्या वर! सोपे पुढे सरकारी हमीपत्रं बनावट केल्याच्या गुन्ह्यात २००२ मध्ये दोषी ठरले आणि थोड्याच महिन्यांत माफी मिळवून बाहेरही आले. ते माणिक पुढे कुणाच्या गळ्यात दिसलं नाही.

आता भारतीय वाचकाच्या कामाची गोष्ट. 'दुसरा पासपोर्ट' विकणाऱ्या जाहिराती आता मराठी माणसाच्या मोबाइलवरही येतात. त्यात एक गोष्ट ठळक लिहिलेली नसते: भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. नागरिकत्व कायदा, १९५५, कलम ९: स्वतःच्या मर्जीने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व तिथल्या तिथे संपतं. भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो. तो खिशात ठेवून दोन्हींवर फिरणं हा गुन्हा. नंतर ओसीआय, म्हणजे 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' कार्ड मिळू शकतं, पण नावात 'सिटिझन' असलं तरी ते नागरिकत्व नव्हे. मतदान नाही, सरकारी नोकरी नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. कोकणात आजोबांच्या वाडीला लागून दोन गुंठे घ्यायची स्वप्नं पाहणाऱ्याने हे आधी वाचावं. आणि समजा, नवा देश पुढे म्हणाला की आम्ही तुमचा पासपोर्ट रद्द करतो, तर? जुनं गेलेलं, नवं काढून घेतलेलं. १९७९ साली वानुआतूतल्या तान्ना बेटावरचा माणूस होता त्या जागी कोट्यधीश जाऊन उभा राहतो. फरक इतकाच की त्या माणसाला दोन कमिशनर निदान एक कागद तरी सही करून देत.

पासपोर्टाखेरीज पैसा येण्याचं दुसरं एक दार आधीपासून होतं. म्हणजे परराष्ट्रसंबंध. इथेही विकायला आहे तो सही-शिक्काच: संयुक्त राष्ट्रांतलं एक मत, आणि ऑस्ट्रेलियापासून फार दूर नसलेलं बंदर.

चीनने एस्पिरितु सांतो बेटावर लुगानव्हिलमध्ये भला मोठा धक्का बांधून दिला. कर्ज चीनच्या एक्झिम बँकेचं, कंत्राट चिनी कंपनीचं. राजधानीत संमेलन केंद्र बांधलं, आणि जुलै २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्षांचं निवासस्थान आणि अर्थ मंत्रालयाची इमारतही तयार करून दिली. देशाच्या परदेशी कर्जात चीनचा वाटा मोठा आहे. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियन वर्तमानपत्रांत बातमी आली की चीन तिथे लष्करी तळ उभारू पाहतोय. वानुआतू आणि चीन दोघांनीही साफ नाकारलं, पण ऑस्ट्रेलियाच्या राजधानीत, कॅनबेरात, झोप उडाली ती उडालीच. धक्क्याची लांबी क्रूझसाठी आहे की युद्धनौकेसाठी, यावर तिथल्या तज्ज्ञांनी रकानेच्या रकाने भरले. क्रूझही लांबच असतात म्हणा.

चीनच्या बाजूने असणं हेही ठरलेलं नव्हतं. नोव्हेंबर २००४ मध्ये पंतप्रधान सर्ज व्होहोर गुपचूप तैपेईला गेले आणि तैवानला मान्यता देणाऱ्या कागदावर सही करून आले. मंत्रिमंडळाला पत्ताच नव्हता. मंत्रिमंडळाने ती फिरवली, आणि डिसेंबरात अविश्वास ठराव येऊन व्होहोर घरी गेले. त्या गदारोळात त्यांनी चिनी राजदूताला ठोसा लगावल्याच्याही बातम्या आल्या होत्या.

अविश्वास ठराव हा तिथला आवडता खेळ. २०२३ या एकाच वर्षात तीन पंतप्रधान झाले. आमदार-खासदारांच्या उड्यांना कंटाळून शेवटी २९ मे २०२४ ला देशाच्या इतिहासातलं पहिलं सार्वमत घेतलं गेलं: पक्ष सोडला तर खासदारकी जाणार. लोकांनी होकार दिला. महाराष्ट्रातल्या वाचकाला यावर अधिक काही सांगण्याची गरज नसावी.

ऑस्ट्रेलियाची गोष्ट वेगळी आणि जास्त जुनी. १८६३ ते १९०४ या काळात साठ हजारांवर बेटवासीयांना क्वीन्सलंडच्या उसाच्या मळ्यांत नेलं गेलं. कुणी कराराने, कुणी फसवून, कुणी सरळ पळवून. मुंबईच्या बंदरातून मॉरिशसच्या उसात गेलेल्या कोकणी-मराठी गिरमिटियांची आठवण व्हावी अशी ती कहाणी. या लोकांतले खूप जण न्यू हेब्रिडीजचे होते. मग 'फक्त गोऱ्यांचा ऑस्ट्रेलिया' हे धोरण आलं आणि बहुतेकांना परत पाठवलं.

आज त्याच वाटेने लोक पुन्हा जातात, या वेळी कायदेशीर व्हिसावर. न्यूझीलंडने २००७ मध्ये हंगामी मजुरांची योजना सुरू केली, ऑस्ट्रेलियाची त्यानंतर आली, आणि दोन्हींत वानुआतूचे लोक संख्येने आघाडीवर राहिले. सफरचंदं तोडायची, द्राक्षवेलींची छाटणी करायची, मांस कारखान्यात उभं राहायचं, आणि काही महिन्यांनी पैसे घेऊन घरी यायचं. या पैशाने सिमेंटची घरं झाली, पोरांची फी भरली गेली, बोटी आल्या. गावात मात्र शेती करायला आणि वादळानंतर छप्पर घालायला तरणी माणसं उरत नाहीत. ऊसतोडीच्या हंगामात बीड-आष्टीकडची गावं कशी ओस पडतात, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे चित्र समजायला वेळ लागणार नाही. माझ्या मते वानुआतूच्या पासपोर्टाची खरी कमाई ही आहे. विकलेल्या पासपोर्टांनी सरकारचे पगार झाले, या पासपोर्टांनी घरातली चूल पेटते.

म्हणूनच ऑस्ट्रेलियाशी बोलणी चालली की मुद्दा धक्क्यांवरून आणि पोलिसांवरून फिरून व्हिसावर येतो. डिसेंबर २०२२ मध्ये दोन्ही देशांत सुरक्षा करार झाला, पण वानुआतूच्या संसदेने त्याला मान्यता दिलीच नाही. मग नव्याने वाटाघाटी झाल्या आणि 'नाकामाल करार' तयार झाला. नाकामाल म्हणजे गावची चावडी; तिथे कावा पीत बसून भांडणं मिटवतात. ऑगस्ट २०२५ मध्ये तान्ना बेटावर, धुमसणाऱ्या यासूर ज्वालामुखीच्या सान्निध्यात, दोन्ही बाजूंच्या मंत्र्यांनी मसुद्यावर आद्याक्षरं केली. दहा वर्षांत ५० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरांची मदत ठरली. नापाट यांची मागणी आधीपासून एकच होती: आमच्या लोकांना ऑस्ट्रेलियात व्हिसाशिवाय येऊ द्या. ज्या देशाचा पासपोर्ट दुबईत बसून विकत घेता येतो त्याला असं दार उघडायला कॅनबेरा कचरणारच, हे ओळखायला मुत्सद्दी असायची गरज नाही.

याच सही-शिक्क्याचा एक वापर मात्र असा झाला की त्यापुढे बाकी सगळं फिकं पडतं. २०१९ मध्ये पोर्ट व्हिलात, साउथ पॅसिफिक विद्यापीठाच्या कायदा शाखेतल्या सत्तावीस विद्यार्थ्यांनी एक कल्पना काढली: हवामानबदलाबाबत देशांची कायदेशीर जबाबदारी काय, हे थेट आंतरराष्ट्रीय न्यायालयाला विचारायचं. विद्यार्थी न्यायालयात जाऊ शकत नाहीत. देश जाऊ शकतो. वानुआतू सरकारने ती कल्पना उचलली, देशोदेशी फिरून पाठिंबा गोळा केला, आणि २९ मार्च २०२३ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने तो ठराव एकमताने मंजूर केला. डिसेंबर २०२४ मध्ये हेगला सुनावणी झाली. शंभराच्या जवळपास देश उभे राहिले. भारतही बोलला आणि मुख्य जबाबदारी श्रीमंत देशांची असल्याचं त्याने सांगितलं. २३ जुलै २०२५ ला न्यायालयाने एकमुखाने मत दिलं: हवामान सांभाळणं ही देशांची कायदेशीर बांधिलकी आहे आणि ती मोडली तर नुकसानभरपाईपर्यंतचे परिणाम होऊ शकतात. हे मत सक्तीने राबवता येत नाही, पण यापुढच्या खटल्यांत ते उद्धृत होणार. तीन लाख लोकांच्या देशाने आपल्या एका मताचं केलेलं हे मोल.

भारताचा या बेटांशी संबंध तसा उशिराचा. २०१४ मध्ये फिजीतल्या सुवात चौदा पॅसिफिक बेटांसोबत एक मंच सुरू झाला. पुढच्या बैठका जयपूर आणि पोर्ट मोर्सबीला झाल्या. डिसेंबर २०२४ च्या भूकंपानंतर भारताने पाच लाख डॉलरांची मदत पाठवली. त्या पहिल्या बैठकीत भारताने या बेटांच्या नागरिकांसाठी व्हिसा सोपा केला, त्यामुळे वानुआतूचा माणूस ऑनलाइन अर्ज करून मुंबईला येऊ शकतो. भारतीय पासपोर्ट असलेल्या पर्यटकाला तर तिथे जायला आधी व्हिसा काढावाच लागत नाही. परतीचं तिकीट, राहण्याची सोय आणि सिडनी किंवा ब्रिस्बेन मार्गे जात असाल तर ऑस्ट्रेलियाचा मार्गस्थ व्हिसा एवढं बघावं लागतं. पहिल्या विमानातून उतरून दुसऱ्यात बसण्यासाठी काढावा लागणारा हा कागद अख्ख्या प्रवासातला सगळ्यात कटकटीचा.

नाकामाल करारावर सही करायला ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान अँथनी अल्बनीज सप्टेंबर २०२५ मध्ये पोर्ट व्हिलाला आले. पायाभूत सुविधांसाठी दुसऱ्या देशांकडून पैसा घेण्यावर या कराराने बंधनं येतील, अशी नापाट यांच्या आघाडीत कुरबुर होती. अल्बनीज सही न करताच परतले.